पिस्टन असा हलत नाही हो!

हल्ली यूट्यूब उघडलं की मशीनच्या ॲनिमेशनचा नुसता पूर आलेला दिसतो. चकचकीत पिस्टन, मागे दणदणीत म्युझिक, आणि आपलं वर-खाली, वर-खाली. लोक खूश होतात. माझं डोकं फिरतं. कारण यातले बरेच पिस्टन खोटे हलत असतात.

हे करतात कसं ते सांगतो. कॅडमध्ये असेंब्ली जोडायची, पिस्टनला एक कमीत कमी आणि एक जास्तीत जास्त अंतर द्यायचं आणि त्या दोन आकड्यांमध्ये त्याला पळवायचं. इन्व्हेंटरमध्ये तर ड्राइव्हच्या खिडकीत 'स्टार्ट/एंड/स्टार्ट' असा आयता पर्यायच आहे. गेला, आला, गेला, आला. वेग सगळीकडे सारखा आणि टोकाला पोचल्यावर क्षणात उलटा! खरा लोखंडाचा तुकडा असा वळवायचा तर अनंत बल लागेल. पण स्क्रीनवर काय, सगळं चालतं.

शिवाय पिस्टनला ढकलून क्रँक फिरवायला गेलं की टोकाला सॉफ्टवेअर अडतं. पुढे कुठल्या बाजूला वळायचं हे त्याला कळत नाही. मग क्रँक पूर्ण न फिरता आल्या वाटेने परत येतो. (घरी पायाचं शिलाई मशीन होतं त्यांना हे चांगलं माहीत असेल. नेमक्या त्या जागी पायटा थांबला की नुसता पाय दाबून उपयोग नाही, चाकाला हाताने ढकलावं लागतं, आणि चुकून उलटं फिरलं की धागा गुंतलाच.) यावर हे बहाद्दर काय करतात? जोड काढून टाकतात! क्रँक वेगळा फिरवायचा, पिस्टन वेगळा हलवायचा, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. याला सिम्युलेशन म्हणायचं?

थोडे शहाणे असतात ते साइन वक्र वापरतात. सॉलिडवर्क्सच्या लिनियर मोटरमध्ये 'ऑसिलेटिंग' निवडलं की झालं. दिसायला गोड दिसतं, पण तेही खरं नाही. हिशोब अगदी सोपा आहे. क्रँक ५० मिमी, कनेक्टिंग रॉड २०० मिमी, म्हणजे स्ट्रोक १०० मिमी. क्रँक वरून ९० अंश फिरला की पिस्टन निम्म्यावर, ५० मिमी खाली आला असेल असं वाटतं ना? तो आलेला असतो ५६.३५ मिमी. रॉड तिरका होतो तेव्हा त्याची उभी उंची कमी होते, ती सव्वासहा मिमीच्या वर भरते. सगळ्यात जास्त वेगही ९० ला नसतो, साधारण ७७ अंशांना असतो. वरच्या टोकाचं त्वरण खालच्या टोकाच्या १.६७ पट असतं.

"एवढ्या सहा मिमीने काय बिघडतं?" असं म्हणणारे भेटतातच. चार सिलिंडर एका ओळीत असतात त्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. गती शुद्ध साइन असती तर त्यांची बलं एकमेकांना पुरती मारून टाकती. तसं होत नाही, या 'सहा मिमी'मुळेच. उरलेली बलं क्रँकच्या दुप्पट गतीने गाडी हादरवतात. लँचेस्टरने त्यावर दुप्पट वेगाने फिरणारे बॅलन्स शाफ्ट काढले, १९७० च्या दशकात मित्सुबिशीने ते पुन्हा चलनात आणले. साइनवाल्या ॲनिमेशनमध्ये हा प्रश्न दिसणारच नाही. मेकॅनिकलला थिअरी ऑफ मशिन्समध्ये क्लाइनचं कन्स्ट्रक्शन ड्राफ्टर घेऊन काढायला लावायचे, ते काय हौस म्हणून?

शेपरची तर कीव येते. शेपरचा रॅम कापताना सावकाश जातो आणि परत येताना झटकन येतो, तीच त्या यंत्राची गंमत. क्रँकची त्रिज्या दोन केंद्रांमधल्या अंतराच्या निम्मी असेल तर जायला लागणारा वेळ यायच्या बरोबर दुप्पट. स्ट्रोक कमी केला की हे प्रमाणही घटतं. आणि आमचे ॲनिमेशनवाले दोन्हीकडे सारखा वेग देऊन मोकळे!

"अहो, मार्केटिंगचा व्हिडिओ आहे, इतकं कोण बघतं?" हा नेहमीचा बचाव. मी सांगतो कोण बघतं. एका कंपनीत (नाव नको) खोके ढकलणारं मशीन होतं, क्रँकवर चालणारं. ॲनिमेशनमध्ये ढकलणारा दांडा सारख्या वेगाने यायचा, खोक्याला हळूच टेकायचा. गिऱ्हाईक खूश, साहेब खूश. खोक्याची जागा त्या व्हिडिओवरूनच ठरली, नेमकी स्ट्रोकच्या मध्यावर. आता क्रँकने चालणाऱ्या दांड्याचा मधला वेग सरासरीच्या दीडपटीहून जास्त असतो. मशीन सुरू झालं आणि खोकी धडाधड आडवी. मग बोल कोणाला? फिटरला! "तू अलाइनमेंट नीट केलं नाहीस." तीन दिवस तो बिचारा शिम घालत आणि काढत बसला होता. व्हिडिओ करणाऱ्याला कोणी हाकही मारली नाही.

बरं, खरं करायला कष्ट जास्त लागतात म्हणावं तर तेही नाही. सगळे जोड जसे आहेत तसे ठेवा, मोटर फक्त क्रँकला द्या, बाकीचे भाग आपोआप जसे हलायचे तसे हलतात. पिस्टनचा वेग नि त्वरण यांचा ग्राफ काढून एकदा डोळ्याखालून घाला. पाच मिनिटांचं काम. एवढं करूनही पिनांमधली फट त्यात नसते हे लक्षात असू द्या. दिशा पालटताना ती फट एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते आणि खटखट ऐकू येते, ती या सरळ मॉडेलमध्ये येत नाही. ते पुन्हा कधीतरी.

आणि हो, व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असेल तर क्रँक ३००० आरपीएमला ठेवू नका. दर फ्रेमला बरोबर दोन फेरे होतात आणि पिस्टन जागचा हलतच नाही. अर्थात तो व्हिडिओ निदान चुकीचं काही शिकवणार नाही :)