गाठोड्याचीही पावती हवी



अतिक्रमण हटवल्याची बातमी पेपरात येते, तेव्हा शेवटी हमखास एक ओळ असते: 'इतके ट्रक साहित्य जप्त.' मी कॉमर्स शिकलेली बाई, मला ती ओळ खटकते. ट्रक हे काय माप झाले? त्यात कोणाचे काय होते, याची यादी कुठे आहे?

फूटपाथ मोकळे करताना तिथे झोपणाऱ्यांची गाठोडीही उचलली जातात. गाठोड्यात असते काय? कांबळे, पातेले, औषधाची चिठ्ठी, आधार कार्ड. आपल्याला तो पसारा दिसतो. त्या माणसाचा तो अख्खा संसार असतो.

फेरीवाल्यांना निदान कायदा आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे जप्त मालाची यादी द्यावी लागते. शुल्क भरून मागणी केली, की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा असतो. बेघर माणूस काही विकत नाही, म्हणून त्याला हे संरक्षण नाही. म्हणजे विकायची केळी जपायची आणि पांघरायचे कांबळे कचऱ्यात?

मार्च 2023 मध्ये नागपुरात जी-20 अंतर्गत सी-20 ची बैठक झाली. त्याच महिन्यात पोलीस आयुक्तांनी कलम 144 खाली चौकाचौकांत भीक मागायला बंदी घातली. शहर नीटनेटके दिसावे, हे मलाही वाटते. गुडघे दुखतात, मलाही फूटपाथ मोकळाच हवा. पण पाहुणे यायचे म्हणून घर आवरताना आपण कामवाल्या बाईंची पिशवी कचऱ्यात टाकतो का? बाजूला ठेवतो, आणि त्यांना सांगतो.

कोणी म्हणेल, रस्त्यावरच्यांना एवढे सामान कशाला? भगिनींनो, दशलक्षण पर्वात आपण उत्तम त्याग आणि उत्तम आकिंचन्य पाळतो. त्याग आपल्या हाताने होतो. दुसऱ्याने ओढून नेले, त्याला त्याग म्हणत नाहीत. न दिलेले घेणे ते अदत्तादान, आणि अचौर्य हे तर आपले अणुव्रत. संविधानाचे कलम 300 अ हेच सांगते: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. त्यात 'पक्के घर असलेल्यांची' असे लिहिलेले नाही.

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने फूटपाथवर ठेवलेले बेघरांचे सामान उचलून नष्ट केले, तेव्हा 2012 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते चूक ठरवले. मालक क्षणभर बाजूला गेला म्हणून वस्तू बेवारस होत नाही. आपला नवरा दुकानाबाहेर स्कूटर लावून आत गेला, तर ती बेवारस होते का?

महापालिकेकडे मागण्या तीनच. उचलण्याआधी सूचना द्या. उचललेच तर यादी करून पावती द्या, आणि ठरावीक मुदतीपर्यंत सामान सांभाळा. बेघर निवाऱ्यात प्रत्येकाला कुलपाची पेटी द्या. गाठोडे कुठे ठेवायचे, ही चिंता असेल तर माणूस निवाऱ्यात येईल कसा?

आपली महिला मंडळे थंडीत ब्लँकेट वाटतात. डिसेंबरात दिलेले ब्लँकेट जानेवारीत ट्रकमध्ये गेले, तर त्या दानाचा हिशोब कुठल्या खात्यात मांडायचा? यंदा ब्लँकेटांबरोबर एक अर्जही तयार करू. वरच्या तीन मागण्या लिहायच्या, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि तो महापालिकेत नेऊन द्यायचा. पोच घ्यायला विसरू नका.