‘मा रेवा’ ऐकताना नंदुरबार का आठवत नाही?

१/ दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या रॉक बँडचे ‘मा रेवा’ हे गीत आपणांपैकी अनेकांनी ऐकले असेल. ‘कंदिसा’ या २००० सालच्या अल्बममधले हे गीत. माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे नर्मदा जयंती, जवळ आली की घाटांच्या आणि दीपदानाच्या चित्रांसह ते फिरू लागते आणि खाली लिहिलेले असते, ‘नर्मदामातेचे प्राचीन भक्तिगीत’. हे वर्णन अर्धसत्य आहे, आणि त्या अर्ध्या सत्यातून जो भाग गळला त्यात महाराष्ट्राचा एक अख्खा नदीकाठ आहे. आजचा धागा त्या गळलेल्या भागाविषयी.

२/ प्रथम भूगोल. ‘नर्मदा ही मध्य प्रदेश-गुजरातची नदी’ हा समज मराठी वाचकांत इतका घट्ट आहे की महाराष्ट्राच्या उत्तर टोकाला ती आपली सीमा होऊन वाहते, हे सांगावे लागते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे ते दोन तालुके. सरदार सरोवर प्रकल्पाने बाधित झालेली महाराष्ट्रातील ३३ गावे याच दोन तालुक्यांतील. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. म्हणून त्यापूर्वीच्या कागदपत्रांत ही गावे ‘धुळे जिल्हा’ या नावाखाली शोधावी लागतात.

३/ आता बँड. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये ‘इंडियन ओशन’ची स्थापना केली. १९९१ मध्ये बास गिटारवादक राहुल राम आले, १९९४ मध्ये ड्रमवादक अमित किलम. पहिला अल्बम १९९३ चा, त्यानंतर १९९७ मध्ये ‘डेझर्ट रेन’ हे प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण, आणि २००० मध्ये ‘कंदिसा’. सुस्मित यांची गिटार पाश्चात्त्य कॉर्डपेक्षा रागाच्या वळणाने चालणारी; असीम तबला वाजवता वाजवता गाणारे. लोकगीत आपल्या चौकटीत कोंबण्याऐवजी आपली चौकट त्याच्याभोवती सैल करणारा हा वाद्यमेळ होता.

४/ पण निमाडच्या काठचे गीत दिल्लीच्या तालमीच्या खोलीत पोहोचले कसे? याचे उत्तर राहुल राम यांच्या चरित्रात आहे. आयआयटी कानपूर, पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी., आणि मायदेशी परतल्यावर काही वर्षे नर्मदा बचाव आंदोलनाचे काम. हे गीत त्यांना नर्मदा खोऱ्यात भेटले. त्याचा दिल्लीपर्यंतचा रस्ता एखाद्या देवळातून वा संग्रहालयातून गेलेला नाही. तो धरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसांमधून गेला आहे. ‘प्राचीन भक्तिगीत’ या दोन शब्दांत नेमका हा रस्ता पुसला जातो.

५/ त्या वर्षांत खोऱ्यात काय घडत होते? नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाने १९७९ मध्ये धरणाची उंची ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर, ठरवली. १९८५ मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. विरोध वाढल्यावर बँकेनेच १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समीक्षा नेमली. १९९२ मधील तिच्या अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही अंगांवर कठोर ठपका ठेवला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले.

६/ या जागतिक घडामोडींचा एक पत्ता होता : मणिबेली, तालुका अक्कलकुवा. धरणाच्या भिंतीला महाराष्ट्राच्या बाजूने सर्वांत जवळचे आणि बुडिताला सर्वांत आधी सामोरे गेलेले हे गाव. १९९१ पासून पावसाळ्यात तेथे सत्याग्रह झाले. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणे थांबवावे, अशी मागणी करणारे जे निवेदन निघाले, त्यावर ४४ देशांतील ३२६ संघटनांनी सह्या केल्या. त्याचे नाव ‘मणिबेली जाहीरनामा’. सातपुड्याच्या कुशीतील एका आदिवासी पाड्याचे नाव वॉशिंग्टनमध्ये घेतले जात होते; पुण्या-मुंबईच्या शाळकरी इतिहासात मात्र ते आजही नाही.

७/ आता गीताकडे एक ऐतिहासिक साधन म्हणून पाहू. त्यात काय आहे? अमरकंटकाहून निघालेली नदी, निर्मळ पाणी, तिचे वाहणे, सेवेचे फळ, वेद-पुराणांची साक्ष. त्यात काय नाही? धरण नाही, बुडीत नाही, सरकार नाही. म्हणजे शब्द जुने आहेत; त्यांचा अर्थ मात्र ते कोण, कोठे आणि कोणत्या वर्षी गात आहे यावर ठरतो. वाहत्या पाण्याची स्तुती महेश्वरच्या घाटावर केली तर ती भक्ती. बुडिताच्या रेषेवर उभे राहून केली तर ती साक्ष. साधनांचे संदर्भ तपासल्याविना निष्कर्ष काढू नये, हे आपण शिलालेखांच्या बाबतीत पाळतो. गीताच्या बाबतीत का सोडून देतो?

८/ कालक्रम पाहा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम थांबवले तेव्हा भिंत ८०.३ मीटरवर होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये ती ८५ मीटरपर्यंत नेण्यास परवानगी मिळाली आणि त्याच पावसाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातील डोमखेडीत लोक चढत्या पाण्यात उभे राहिले. २००० मध्ये ‘कंदिसा’ आला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला : काम पुढे चालू राहील. देशभरची महाविद्यालयीन मुले नदीच्या वाहण्याचे गीत गाऊ लागली त्याच सुमारास मणिबेलीजवळची नदी वाहणे सोडून साचू लागली होती.

९/ स्वागताचा इतिहास असा. चित्रपटाचा आधार नसताना ‘कंदिसा’ने श्रोते मिळवले, मैफलींत प्रेक्षकच ‘मा रेवा’ गाऊ लागले. पुढे ‘ब्लॅक फ्रायडे’ चित्रपटातील ‘बंदे’मुळे बँडचे नाव आणखी दूर गेले आणि नव्या श्रोत्यांनी मागे वळून हे गीत ऐकले. जयदीप वर्मा यांचा ‘लीव्हिंग होम’ हा बँडवरील माहितीपट २०१० मधला. मात्र श्रोते जसे वाढले तसा संदर्भ पातळ होत गेला. आंदोलनातून आलेले गीत आधी ‘फ्यूजन’ झाले, मग ‘भक्ती’ झाले. खोऱ्यातले लोक या दोन्ही नावांत नाहीत.

१०/ मराठी वाचकाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि ते अधिक अवघड आहे. आपली नर्मदा परिक्रमेतून आली. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ असो वा जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’, पिढ्यांनी नदी यात्रेकरूच्या डोळ्यांनी पाहिली. परिक्रमेच्या परंपरेत नंदुरबारच्या या काठाचे नाव आहे ‘शूलपाणीची झाडी’, आणि तिची ख्याती काय? तेथे भिल्ल यात्रेकरूंना लुटतात! म्हणजे महाराष्ट्राचा हा एकमेव नर्मदाकाठ आपल्या मनात वस्ती म्हणून नोंदलेलाच नाही. पार करावयाचे संकट म्हणून नोंदलेला आहे. तेथे शेते होती, पाडे होते, उत्सव होते, हे त्या वर्णनांच्या कडेला राहिले.

११/ ज्या शूलपाणेश्वरावरून झाडीला नाव पडले, त्याचे जुने मंदिर मणिबेलीलाच होते. ते जलाशयात गेले. देवासाठी गुजरातमधील गोरा येथे नवे मंदिर उभे राहिले. देवाचे पुनर्वसन झाले, आणि तेथे आज परिक्रमावासी दर्शन घेतात. माणसांच्या पुनर्वसनाचे वाद, जमिनीच्या पट्ट्यांचे वाद, ‘घोषित’ आणि ‘अघोषित’ बाधितांचे वाद मात्र दशके चालले. हे दोन प्रवास शेजारी ठेवून पाहिल्यावरही ज्यांना ‘गीतात राजकारण आणू नका’ असे म्हणवते, त्यांनी राजकारण नेमके कोणी वगळले याचा विचार करावा.

१२/ येथे दोन आक्षेप येतात. पहिला : ‘शहरी बँडने आदिवासींचे गीत चोरले.’ हा आक्षेप टिकत नाही. एक तर या गीताची बोली निमाडी वळणाची आहे. ते नदीच्या वरच्या अंगाच्या, शेतीच्या सपाट प्रदेशाचे. भिली वा पावरी ती नव्हे. दुसरे असे की बँडने खोऱ्याचे ऋण कधी लपवले नाही. गीत हिंडते, आणि हिंडलेच पाहिजे. दोष हिंडण्याचा नाही. वाटेत पत्ता टाकून देणाऱ्या आपणा श्रोत्यांचा आहे.

१३/ दुसरा आक्षेप : ‘बँड नसता तर हे गीत मेले असते.’ हा तर अधिक उद्धट. खोऱ्यात जे शतकानुशतके जगले त्याला जीवदान आपल्या हेडफोनने दिले, असे समजणे ही शहराची जुनी खोड. शहाद्याच्या मुलखातील कवी व कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांनी ‘गोधड’ (१९८७) या संग्रहाने मराठीत भिली जगणे आणले. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा रोख याच खोडीवर आहे : व्यासपीठ एकाचे आणि दुःख दुसऱ्याचे. नंदुरबारने हा प्रश्न ‘कंदिसा’च्या तेरा वर्षे आधी विचारून ठेवला होता.

१४/ मग सातपुड्याच्या या डोंगरांचे स्वतःचे नदीगीत नाही काय? आहे. भिलाला समाजात ‘गायणा’ हे सृष्टीच्या उत्पत्तीचे दीर्घ कथागीत ‘इंदल’च्या उत्सवात गायले जाते, आणि त्यात नर्मदेच्या समुद्राकडील प्रवासाची कथा येते. समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात, पलीकडच्या तीरावरील अलिराजपूरच्या अंजनवारा गावाच्या अभ्यासातून, त्याची नोंद केली. इंदल अलीकडच्या तीरावर पावरा समाजही साजरा करतो. वेद-पुराणांच्या साक्षीवाचून उभी असलेली ही नर्मदा आहे. ‘मा रेवा’लाच ‘नर्मदा खोऱ्याचे गीत’ म्हणून मोकळे होणे म्हणजे दुसऱ्या एका नदीला मुकेपणी बुडू देणे.

१५/ स्मरणाची ही विषमता केवळ गीतांपुरती नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये नर्मदाकाठच्या सर्वेक्षणाला विरोध करणारा रेहमल पुन्या वसावे हा किशोर पोलिसांच्या गोळीने मरण पावला. नंदुरबारचा हुतात्मा म्हटला की आपल्याला ९ सप्टेंबर १९४२ चा शिरीषकुमार आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. पण त्याच जिल्ह्याच्या मातीतला दुसरा किशोर आपल्या एकाही दिनविशेषात नसावा? परकीय सत्तेची गोळी इतिहास आणि स्वकीय सत्तेची गोळी ‘वादग्रस्त विषय’, हा निकष इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही.

१६/ ‘धरणाने कच्छ-सौराष्ट्राला पाणी दिले, त्याचे काय?’ हा प्रश्न खरा आहे आणि टाळण्याजोगा नाही. म्हणूनच हिशेब पूर्ण मांडू. न्यायाधिकरणाच्या वाटपात २.८ कोटी एकर-फूट पाण्यापैकी महाराष्ट्राला मिळाले अडीच लाख एकर-फूट, म्हणजे शंभरातला एक हिस्साही नाही. शिवाय विजेचा २७ टक्के वाटा. वीज राज्याच्या जाळ्यात गेली, जमीन ३३ गावांची गेली. कोणाच्या लाभासाठी कोणी काय दिले, हे सांगण्याने धरणविरोधक होत नाही कोणी. न सांगण्याने मात्र इतिहास लिहिणारा खोटा ठरतो.

१७/ तेव्हा या धाग्याच्या वाचकांना एक विनंती. हे गीत पुढे पाठवाल तेव्हा त्यासोबत चार गोष्टी लिहा : निमाडी बोलीचे पारंपरिक गीत; राहुल राम यांना आंदोलनाच्या वर्षांत खोऱ्यात मिळालेले; अल्बम ‘कंदिसा’, २०००; आणि त्याच वर्षी बुडिताच्या छायेत असलेली नंदुरबारची ३३ गावे. ‘पारंपरिक’ हा शब्द चुकीचा नाही, अपुरा आहे. परंपरेलाही गाव असते, गळा असतो, तारीख असते.

१८/ आणि जे नंदुरबार, तळोदा, शहादा, धडगावचे आहेत, त्यांच्यासाठी थोडे अधिक. आपल्या पाड्यावर इंदलची गीते, रोडाली, लग्नगीते अजून जाणणारी माणसे आहेत. त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रण करा. गाणाऱ्याचे नाव, गाव, बोली, दिनांक लिहून ठेवा. विस्थापित वसाहतींत गेलेल्यांकडून ही गीते सर्वांत आधी घ्या. कारण नदीपासून दूर गेलेल्या घरात नदीचे गीत किती पिढ्या टिकेल, हे सांगता येत नाही. चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे आंदोलनाने सुरू केलेल्या जीवनशाळांनी मुलांना त्यांच्या बोलीत शिकवण्याचा पायंडा पाडला. ती वाट तयार आहे.

१९/ ‘मा रेवा’ ऐकणे थांबवू नका. ते सुंदर गीत आहे आणि प्रामाणिक माणसांनी गायलेले आहे. ऐकताना नकाशा मात्र उघडा ठेवा आणि अक्कलकुव्याच्या वरच्या कोपऱ्यात मणिबेली शोधा.

पुढील धागा : सातपुड्याचे इंदल, आणि ‘शूलपाणीची झाडी’ हे नाव कोणी कोणाला दिले.