सर्व्हे नंबरची साक्ष : प्रोग्रामचे रूपांतर की निव्वळ लिप्यंतर?

१/ फंक्शनल भाषेतील प्रोग्राम ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेत नेणे म्हणजे मोडीतला कागद बाळबोधीत उतरवणे, असा समज बोकाळला आहे. तो मुळातच चुकीचा आहे. त्याविरुद्धची बोलकी साक्ष भिगवणच्या इंदापूर तालुक्यातील जमीनमहसुलाच्या इतिहासात सापडते.

२/ आधी भेद पाहू. फंक्शनल पद्धतीत क्रिया प्रधान असते : किंमत आत घालावी, उत्तर बाहेर यावे, मूळ किंमत अबाधित राहावी. ऑब्जेक्ट पद्धतीत प्रधान असते ती वस्तू : स्वतःची ओळख, स्थिती आणि वर्तन सांभाळणारी.

३/ १८३०च्या सुमारास प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने रिकार्डोच्या खंडसिद्धान्तावरून सारा ठरवला. उत्पन्नातून मशागतीचा खर्च वजा करावा. उरलेल्याचे ५५ टक्के सरकारचे. सूत्र नेटके, पण त्यात भरलेले आकडे खोटे. सारा डोईजड झाला, शेते ओसाड पडली, रयत परागंदा झाली.

४/ १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट इंदापुरात कामाला लागले. त्यांनी मागील वर्षांचा प्रत्यक्ष वसूल पाहून एकूण मागणी ठरवली आणि ती शेतांवर वाटली. प्रत्येक शेताला क्रमांक, क्षेत्र, प्रत आणि आकार मिळाला. १८३६ची ही आकारणी ३० वर्षांसाठी होती. १८४७च्या संयुक्त अहवालाने नियम पक्के केले : जमिनीच्या नऊ प्रती, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत.

५/ ‘विंगेटने फक्त दर उतरवले’ असे म्हणणारे अर्धेच पाहतात. दर उतरले, हे खरेच. पण व्यवहाराचे एककही बदलले : रयत सबंध नंबर सोडू शकत होती, नवा घेऊ शकत होती. शेत ही स्वतंत्र वस्तू झाली.

६/ आता प्रोग्रामकडे या. प्रत्येक फंक्शनला क्लासचे वेष्टन घालून कोणी ‘रूपांतर झाले’ म्हणत असेल, तर त्याने प्रिंगलच्याच तक्त्याला नवा पुठ्ठा चढवला. आधी विचारा : इथले ‘शेत’ कोणते? कोणती माहिती कोणाच्या ताब्यात?

७/ या तुलनेला मर्यादा आहे. प्रिंगलचे अपयश हे फंक्शनल पद्धतीचे अपयश नाही. मूळ किंमत न पुसणे हा तिचा मोठा गुण. रूपांतरात प्रथम तोच बळी जातो. एकच वस्तू दोन ठिकाणांहून बदलली जाते आणि चूक कोठे शिरली ते उमगत नाही.

८/ उपाय तलाठ्याच्या दप्तरात आहे. सातबारा बदलतो, पण त्यामागे गाव नमुना ६ची क्रमांकित फेरफार नोंद असते. वस्तू बदलू द्या. बदलाचा इतिहास मात्र राखा. इतके न करता रूपांतराचा डंका पिटणाऱ्यांनी निदान एकदा आपल्या शेताचा उतारा वाचावा.