व्याधी हालचालींची, तपासणी बुद्धीचीही

मोटर न्यूरॉन व्याधीने हातपाय आणि वाचा लुळी पडली तरी रुग्णाची बुद्धी अबाधितच राहते, हा समज दीर्घकाळ रूढ होता. परंतु सुमारे निम्म्या रुग्णांच्या विचारशक्तीत, भाषेत वा वर्तनात न्यूनाधिक पालट होतो, हे आता वैद्यकशास्त्राला मान्य आहे. जी चाचणी लेखनाच्या वा वाणीच्या वेगावर गुण देते ती हाताच्या दुर्बलतेलाच मनाची दुर्बलता ठरवते. म्हणूनच एडिंबरो येथे शॅरन अब्राहम्स व सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली 136 गुणांची ‘ईकास’ चाचणी तोंडी वा लेखी उत्तराची मुभा देते आणि शब्द सुचण्याचा वेग मोजताना हालचालीतील मंदपणाची वजावट करते.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या अशा आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नगरचे जिल्हा रुग्णालय आणि लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय यांनी अशा तपासणीचा पायंडा पाडावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. मात्र तिचे निकष अकोले वा जामखेडच्या अल्पशिक्षित शेतकऱ्याच्या मराठीवर पारखलेले असावेत, अन्यथा निरक्षरतेलाच व्याधीचे लक्षण मानण्याचा अन्याय घडेल. कमी गुण म्हणजे निदान नव्हे, की रुग्णाचा अधिकार संपुष्टात आल्याचा दाखलाही नव्हे. नळीवाटे अन्न, श्वसनयंत्र, मृत्युपत्र यांविषयी त्याची इच्छा सोप्या शब्दांत आणि वेळीच विचारावी, एवढाच त्याचा अर्थ. घरच्यांना निष्ठुर भासणारे वर्तन व्याधीजन्य असू शकते, हे उमगले तर शुश्रूषेतील कटुताही पुष्कळ ओसरेल. तेव्हा आरोग्य खात्याने या कामी दिरंगाई करू नये.