निळूभाऊंचं स्टिकर आणि पालघरचा वाडा

निळू फुले गेले १३ जुलै २००९ला. आज कॉलेजात असलेला वाचक तेव्हा फार तर बालवाडीत होता. त्याने निळूभाऊंचा एकही सिनेमा थिएटरात पाहिलेला नसतो. तरी त्याच्या फोनमध्ये ते असतातच: पांढरी टोपी, किलकिले डोळे, ओठांच्या कोपऱ्यातलं हसू आणि खाली तीन शब्द, 'बाई, वाड्यावर या'. हे वाक्य कुठल्या सिनेमातलं, असं स्टिकर पाठवणाऱ्याला विचारून बघा. त्याला सांगता येत नाही, आणि त्याचं त्यावाचून काही अडतही नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हे स्टिकर म्हणजे निळूभाऊंची आठवण नाही, त्यांच्या कामाची उलटापालट आहे. ज्या माणसाची आपल्याला चीड यावी म्हणून ते तो माणूस रंगवत राहिले, त्याच्याच शेजारी जाऊन आपण टाळ्या देतोय. बाकी महाराष्ट्राने हे करू नयेच, पण पालघर, बोईसर, डहाणूच्या पोरांनी तर अजिबात करू नये. 'आमच्या' असं म्हणण्याचा हक्क मला आहे, कारण मी इथलाच.

आधी निळूभाऊ. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडला. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना नाव दिलं. १९६८च्या 'एक गाव बारा भानगडी'मधले झेलेअण्णा ही त्यांची सिनेमातली सुरुवात. १९७२मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये ते सखाराम झाले. त्या नाटकावरून सेन्सॉरपासून कोर्टापर्यंत रणकंदन झालं. मग जब्बार पटेलांचा 'सामना', त्यात साखर कारखान्याचा सम्राट हिंदुराव धोंडे पाटील. १९७९च्या 'सिंहासन'मध्ये ते दुसऱ्या टोकाला गेले: सत्तेचा खेळ जवळून बघून बघून शेवटी वेडा होणारा पत्रकार दिगू टिपणीस. १९८४मध्ये हिंदीत 'सारांश'चा गजानन चित्रे, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात दहशत घेऊन शिरणारा पुढारी.

या यादीत एक धागा आहे. हा नट सत्तेचा अभ्यास करत होता. गावातली सत्ता कशी बसते, कशी बोलते, नोकराकडे न बघता हात कसा पुढे करते. त्यांचा पाटील ओरडत नाही, कारण त्याला ओरडायची गरजच पडत नाही. आवाज खाली, मान किंचित तिरकी, बोलण्यात आर्जव. त्याचं बोलणं वरवर विनंतीसारखं असतं. त्याला नाही म्हणता येत नाही, हे बोलणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणारीलाही. गावोगावच्या बायका त्यांना खऱ्या आयुष्यातही शिव्या घालत, असं सांगतात. नटाला याहून मोठी पावती कुठली? त्या बायकांनी तो माणूस बरोबर ओळखला होता. कारण तो त्यांच्या गावातही होता.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादी फाइल लहान करतो, तेव्हा काय टाकून दिलं तर चालेल हे आधी ठरवतो. ज्याची उणीव बघणाऱ्याला जाणवणार नाही, ते पहिल्यांदा उडवायचं. अशा प्रत्येक प्रसंगात दोन माणसं असतात. एक बोलावणारा आणि एक बोलावली गेलेली. स्टिकरमध्ये एकच उरतो. ती बाई गेली, तिचा चेहरा गेला, घरी परतायची वाट गेली. आणि तिची उणीव कुणालाच जाणवत नाही. माझा राग नेमका यावर आहे.

आता पालघर. आमच्या जिल्ह्यात वाडा नावाचा अख्खा तालुकाच आहे, त्यामुळे एसटीच्या पाटीवरून विनोद व्हायला वेळ लागत नाही. पण इथे वाडा या शब्दाला इतिहास आहे. डहाणू, उंबरगाव, तलासरीकडचा वारली गडी लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचा आणि ते फेडायला नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबायची. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटायचं नाही, राबणं संपायचं नाही. आणि जमीनदाराचा हक्क बाईच्या नुसत्या कष्टावर थांबायचा नाही. हे गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहून ठेवलंय. त्या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे निळूभाऊ रंगमंचावर सखाराम उभा करत होते, त्याच वर्षी.

१९४५मध्ये झरीच्या सभेत याच वारल्यांनी ठरवलं की वेठ करायची नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं मेले. वाड्यावरचं बोलावणं नाकारायची ही किंमत होती. ती ज्यांनी मोजली, त्यांची नातवंडं-पतवंडं आज बोईसरच्या कॉलेजात शिकतात आणि तेच बोलावणं एकमेकांना गंमत म्हणून पाठवतात.

'अरे, पण आता कुठे राहिलेत वाडे?' असं कुणी म्हणेल. सकाळी नाक्यावर उभं राहा. तारापूरच्या एमआयडीसीत आज कुणाला आत घ्यायचं, हे बऱ्याचदा ठेकेदाराचा माणूस बोट दाखवून ठरवतो. कातकरी कुटुंबं वीटभट्टीसाठी आधी उचल घेतात आणि दिवाळीनंतर पोराबाळांसकट भट्टीवर जाऊन राहतात. हिशेबाची वही मालकाकडे. सहा महिन्यांनी काय फिटलं आणि काय उरलं, हे मालक सांगेल ते. वाडा पडला तरी ती वही तशीच आहे.

आणि एसी ऑफिसात? एका कंपनीच्या ग्रुपवर, नव्याने लागलेल्या मुलीला वरिष्ठांनी मीटिंगला बोलावलं, तेव्हा कुणीतरी हे स्टिकर टाकलं. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. त्या मुलीनेही एक हसरं तोंड टाकलं. दुसरं काय टाकणार? नाही म्हणता न येणारी विनंती ती हीच. निळूभाऊ असते तर त्यांनी तो प्रसंग नुसत्या एका नजरेत करून दाखवला असता, आणि आपल्यातल्या कुणालाही हसू आलं नसतं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: मीममुळे निदान माणूस लक्षात तरी राहतो. नाही राहत. लक्षात राहतो तो खलनायक, आणि तोही अर्धा. राष्ट्र सेवा दलाचे, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभे राहणारे, कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून डॉ. श्रीराम लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटणारे निळूभाऊ त्या स्टिकरमध्ये कुठे आहेत?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. त्या काळच्या कितीतरी तमाशापटांनीच असे प्रसंग चवीने दाखवले, मग एकट्या मीमवाल्यांना का बोल लावायचा? मान्य. निर्मात्यांना त्यातून गल्ला हवा होता आणि पिटातून शिट्ट्याही पडत होत्या. पण नटाचं काम नीट बघा. सिनेमा कितीही सुमार असो, निळूभाऊ त्या माणसाला कधी रुबाबदार होऊ देत नाहीत. त्याची वखवख दिसते, त्याचा भित्रेपणा दिसतो. हिंदुराव तर आपल्याला आवडायलाही लागतो. आणि मग लागूंचा दारुडा मास्तर मारुती कांबळेचं नाव काढतो, तेव्हा त्या आवडण्याचीच आपल्याला लाज वाटते. ही लाज वाटायला लावणं हे त्यांचं कौशल्य होतं. आपण स्टिकर बनवताना नेमकी तीच कापली.

म्हणून मागणं एवढंच आहे. बोईसर ते चर्चगेट जाऊन-येऊन जेवढा वेळ जातो, त्यात 'सामना' बघून होतो. फोनवर बघा, हेडफोन लावून, कारण निळूभाऊंचा आवाज खालच्या पट्टीत आहे. बघताना हिंदुरावसमोर उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यांकडेही बघा. त्यानंतरही ते स्टिकर पाठवावंसं वाटलं तर खुशाल पाठवा. फक्त पाठवण्याआधी ग्रुपमधल्या मुलींची नावं एकदा वाचा.