निकालाखालचा आकडा

वारसाहक्काचा दावा फेटाळला गेला की आमच्या घरांत निकालावर बोलणे होते. हुकूमनाम्याखालचा खर्चाचा तक्ता कुणी वाचत नाही. वसुली मात्र त्याच आकड्याची होते. भगिनींनो, बेरीज चुकली असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 प्रमाणे त्याच न्यायालयात दुरुस्ती मागता येते. दावा खोटा ठरवून कलम 35-अ खाली भरपाई लावली असेल, तर ती 3000 रुपयांपुढे जात नाही, आणि तिच्यावर अपील चालते. परंडा-कळंबच्या कनिष्ठ स्तर न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात जायला 30 दिवस असतात. नकलेला लागलेले दिवस वजा होतात. म्हणून नकलेचा अर्ज लगेच द्यावा. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हक मागणे भांडण नव्हे. हिशेब मागणेही नव्हे.