पखवाजाची कणीक

एरवी या सदरात आपण बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आज जरा घरातल्या विरंगुळ्याविषयी बोलू. कारणही तसेच घडले आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, तेव्हा परंडा तालुक्यातील नदीकाठच्या एका गावी मी पंचनाम्यासाठी गेलो होतो. सोयाबीन चिखलात आडवे झाले होते. काही रानांतली माती खरडून जाऊन खालचा मुरूम उघडा पडला होता. एका घरापुढे बाजेवर पखवाज ठेवलेला दिसला. वाद्या सैल पडल्या होत्या आणि पुडीवर गाळाचा थर बसला होता. घरधनी साठीच्या पुढचे. ते म्हणाले, “सायब, ह्याचा काय रकाना हाय का तुमच्या कागदात?”

मी कागद चाळला. पीक, जमीन, जनावरे, घर यांचे रकाने होते. पखवाजाचा नव्हता.

“नाही, काका.”

“ठावं हाय मला. आपलं सहज इचारलं.”

मला काही सुचेना. “उन्हात ठेवू नका, सावलीत वाळवा,” एवढेच मी बोललो. बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याबद्दल गावोगाव सांगतो तेच वाक्य तोंडातून बाहेर पडले.

परतताना वडिलांची आठवण झाली. कळंब तालुक्यातील आमच्या गावच्या भजनात ते पखवाज वाजवीत. आपला जिल्हा तेरच्या गोरोबाकाकांचा, तुळजापूरच्या आराध्यांचा. येथे भजन कोणाला शिकवावे लागत नाही. पखवाज वाजवण्यापूर्वी त्याच्या डाव्या तोंडावर गव्हाच्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हाच त्याचा आवाज घुमतो. वाजवून झाले की ती कणीक खरवडून गाईला घालायची, अशी आमच्याकडे रीत होती.

१९७२ च्या दुष्काळात मी अगदी तान्हा होतो. लोक दिवसभर खडी फोडीत, सुकडीवर दिवस काढीत आणि रेशनवर मिळणारी परदेशी लाल मिलो भाकरीला वापरीत. वडील सांगत, त्या वर्षी त्यांनी मिलोच्या पिठाचा गोळा पखवाजाला लावून पाहिला. दुसऱ्याच थापेला तो गळून पडला. गव्हातला चिकटपणा ज्वारीत कुठून येणार? भजन मोडायची वेळ आली. तेव्हा शेजारची म्हातारी नैवेद्यासाठी जपून ठेवलेले मूठभर गहू दळून घेऊन आली. “पोरांच्या तोंडचं चामड्याला कशाला?” असे कोणीसे म्हणाले. म्हातारी म्हणाली, “पोरांना उद्या सुकडी मिळंल. आज समदी येका जागी बसली न्हाईत, तर उद्या खडी फोडाया हात उठायचे न्हाईत.”

ही गोष्ट मी लहानपणी कितीदा तरी ऐकली होती. तरीही परभणीहून शेतीची पदवी घेऊन नोकरीला लागलो आणि ती विसरलो. सभेत उभा राहून सांगू लागलो, “यात्रेतल्या तंबूत सिनेमाला पैसे घालू नका, तेवढ्याच पैशांत खत येईल. रात्री भजनात जागू नका, सकाळी कामाला उशीर होतो.” हिशेब बरोबर होता. लोक माना डोलवीत.

पण त्या हिशेबात माझी आई नव्हती. चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेला आम्ही जायचो, तेव्हा ती तंबूत बायकांच्या बाजूला जमिनीवर बसून सिनेमा पाही. रीळ बदलताना अंधारात शिट्ट्या वाजत, पोरे रडत. ती मात्र पदराला डोळे पुसत हसे. सिनेमा कोणता होता ते तिला नंतर सांगता येत नसे. वर्षातून तेवढे अडीच तास तिला कोणी “पाणी दे” म्हणत नसे, एवढे मात्र खरे.

कष्टकऱ्याने करमणुकीला पैसा लावणे म्हणजे उधळपट्टीच, असेही नाही. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आला. तो गुजरातेतल्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केला. आपल्या धारा, आपली डेअरी, आपली भांडणे पडद्यावर पाहायला ते ट्रक भरभरून गेले. आपल्याकडे २००८ साली ‘टिंग्या’ आला. त्यातला बैल जायबंदी होतो आणि पेरणी तोंडावर आलेली असते. बाप बैल विकायला निघतो, पोरगा त्याला बिलगतो. आमच्या घरी तो सिनेमा पाहताना कोणी कोणाकडे बघत नव्हते. आपले दुःख दुसऱ्याने नीट मांडले की ते उचलायला थोडे हलके होते.

आता जी गोष्ट सांगतो ती सांगणे जड जाते. माझ्या जुन्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात एक शेतकरी भजनात टाळ वाजवी. लागोपाठ दोन हंगाम बुडाले आणि तो येईनासा झाला. मी विचारले तेव्हा म्हणाला, “डोक्यावर कर्ज असताना हातात टाळ शोभत न्हाई, सायब.” मला वाटले, माणूस शहाणा झाला. मी त्याची पाठ थोपटली. तिसऱ्या महिन्यात सारे गाव त्याच्या दारात उभे होते, आणि तेव्हा उशीर झाला होता. टाळ हातात असता तर तो वाचला असता, असे मी म्हणणार नाही. कर्जाचा आकडा गाण्याने उतरत नाही. पण तो रोज येत असता, तर त्याचा उतरलेला चेहरा दहा जणांच्या नजरेस पडला असता.

म्हणून मंडळी, घरावर कठीण वेळ आली की आपण पहिल्यांदा रेडिओ बंद करतो, तसे करू नका. चहाचा कप ओट्यावर चौघांत बसून घ्या. मोबाईलवर सगळी गाणी मिळतात, पण प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात ऐकतो. एखादे गाणे घरात मोठ्याने लावा. आणि नेहमी येणारा माणूस भजनाला, पाराला, चहाला येईनासा झाला, तर त्याच दिवशी त्याच्या दारात जा. शहाणपण सांगू नका, नुसते बसा. फारच जड वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारी ‘टेली मानस’चा फोन दिवसरात्र चालू असतो. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

पुढे हरभऱ्याच्या पेरणीआधी त्याच परंड्याकडच्या गावी मी बैठकीला गेलो. बैठक लांबली, दिवेलागण झाली. देवळात भजन सुरू व्हायचे होते. तोच पखवाज होता. काकांच्या घरच्या काकू परातीत कणकेचा गोळा घेऊन आल्या. मी पाहतो आहे हे बघून म्हणाल्या, “रेशनचाच गहू हाय, सायब. पर चिकटतोय.”

आवाज अजून थोडा बद्द येत होता. मी मुक्कामाला थांबलो.